पशुवैद्यक प्राध्यापकाची वाट : परळ ते बिकानेर

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात ५३.५८ कोटी पशुधन आहे. त्यापैकी गायी-म्हशींसह एकूण गोवर्गीय जनावरे ३०.२८ कोटी, तर शेळ्या १४.८९ कोटी आहेत. कृषी व संलग्न क्षेत्राच्या सकल मूल्यवर्धनात पशुधनाचा वाटा सुमारे तीस टक्क्यांवर पोहोचला आहे. २०२३-२४ मध्ये देशाचे दूध उत्पादन २३ कोटी ९३ लाख टन होते आणि त्यात उत्तर प्रदेशाच्या खालोखाल राजस्थानचा वाटा साडेचौदा टक्के, तर महाराष्ट्राचा सहा-सात टक्क्यांच्या घरात होता. हे आकडे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना परिचित असतात. या पशुधनाच्या आरोग्याची जबाबदारी ज्या मनुष्यबळावर आहे ते कोठे घडते, कोण घडवितो आणि घडविणाऱ्याची नेमणूक कोणत्या नियमांनी होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. पशुवैद्यक प्राध्यापकाची कारकीर्द हा या प्रश्नाकडे पाहण्याचा एक उपयुक्त मार्ग आहे. अध्यापक म्हणून तो पशुवैद्य घडवितो आणि पुढे अधिष्ठाता किंवा कुलगुरू झाल्यावर किती व कसे पशुवैद्य घडावेत, हेही काही अंशी ठरवितो.

येथे ‘मेडिसिन’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे. पशुवैद्यक महाविद्यालयातील मेडिसिन विभाग म्हणजे औषधे तयार करणारा किंवा औषधांचे गुणधर्म शिकविणारा विभाग नव्हे. त्यासाठी औषधशास्त्राचा वेगळा विभाग असतो. शस्त्रक्रिया आणि प्रजननशास्त्र वगळता जनावरांच्या आजारांचे निदान, उपचार व प्रतिबंध हे मेडिसिनचे क्षेत्र होय. आजारी जनावर दारात आले की ते प्रथम याच विभागाकडे येते. त्यामुळे परिसरात कोणता रोग डोके वर काढीत आहे, याची पहिली चाहूलही बहुधा येथेच लागते.

पहिले प्राचार्य

भारतातील या वाटेचा आरंभ शोधायचा तर मुंबईतील परळ येथे जावे लागते. त्यापूर्वी पुण्यात १८६२ मध्ये लष्करी पशुवैद्यक शाळा सुरू झाली होती आणि लाहोरला १८८२ मध्ये महाविद्यालय स्थापन झाले होते. तथापि या प्रयत्नांचा रोख मुख्यतः लष्कराच्या घोड्यांकडे होता. गुरांच्या रोगांची दखल सरकारने घेतली ती बुळकांडीच्या साथींमुळे. हॅलन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८७१ मध्ये या साथींविषयी अहवाल दिला. परळ येथे दानशूर उद्योगपती दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नीच्या नावे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय उभे राहिले आणि त्याला जोडून २ ऑगस्ट १८८६ रोजी मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. रुग्णालय आधी आणि महाविद्यालय नंतर हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. विद्यार्थी येण्यापूर्वीच तेथे रुग्ण होते. पुढील काळात स्थापन झालेल्या अनेक महाविद्यालयांचा क्रम नेमका उलटा राहिला आणि त्याची किंमत त्यांच्या विद्यार्थ्यांनी मोजली.

या महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील हे होत. १८५५ मध्ये जन्मलेले स्टील ब्रिटिश लष्कराच्या पशुवैद्यक सेवेतील होते. त्यांनी लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजमध्ये शरीररचनाशास्त्र शिकविले होते. गुरांच्या रोगांवरील त्यांचा ग्रंथ १८८१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर लवकरच ते भारतात आले. फ्रेडरिक स्मिथ या सहकाऱ्यासमवेत त्यांनी भारतातील पशुवैद्यकशास्त्राला वाहिलेले एक त्रैमासिक चालविले. १८८५ मध्ये हत्तींच्या रोगांवरील आणि १८९० मध्ये उंटांच्या रोगांवरील त्यांची पुस्तके प्रसिद्ध झाली. मेंढ्या व कुत्रे यांच्या रोगांवरही त्यांनी लिहिले. या यादीकडे पाहिले म्हणजे त्यांची दृष्टी ध्यानात येते. इंग्लंडमधील पाठ्यपुस्तके घोड्याभोवती फिरत होती. भारतात शिकविणाऱ्याला बैल, म्हैस, उंट आणि हत्ती यांच्याविषयी लिहिणे भाग होते, कारण त्यावाचून विद्यार्थ्यांच्या हाती देण्यासारखे पुस्तकच नव्हते.

स्टील यांचे नाव आज ज्या रोगाशी जोडलेले आहे तो सर्रा होय. उंट, घोडे, खेचरे आणि गुरे यांना होणारा हा रोग रक्तातील एका सूक्ष्म परजीवीमुळे उद्भवतो. वारंवार येणारा ताप, रक्तक्षय, सूज आणि हळूहळू खंगत जाणे ही त्याची लक्षणे आहेत. राजस्थानातील उंटपालक त्याला ‘तिबरसा’ म्हणतात, कारण लागण झालेला उंट तीन वर्षे रेंगाळतो असा त्यांचा अनुभव आहे. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स यांनी डेरा इस्माईल खान येथे घोडे व उंट यांच्या रक्तात हा परजीवी पाहिला आणि रोगाचे कारण हाच आहे असे प्रतिपादन केले. तत्कालीन वरिष्ठांना ते पटले नाही. सस्तन प्राण्यांच्या रक्तातील असे जीव निरुपद्रवी असतात, असा त्या वेळी समज होता. १८८५ मध्ये ब्रह्मदेशातील लष्करी खेचरांमध्ये रोग पसरला, तेव्हा त्याची तपासणी स्टील यांच्याकडे आली. त्यांना तोच परजीवी आढळला. त्याचे वर्गीकरण करताना मात्र ते चुकले. माणसातील पुनरावर्ती तापाच्या सर्पिल जंतूंच्या गटात त्यांनी त्याला बसविले, पण नाव दिले ते इव्हान्स यांचे. पुढे तो ट्रिपॅनोसोमा या प्रजातीत गेला. प्राणिशास्त्राच्या नामकरण नियमांनुसार जातीला प्रथम नाव देणाऱ्याचा उल्लेख कायम राहतो आणि प्रजाती बदलली असल्यास तो कंसात लिहिला जातो. म्हणूनच आजही शास्त्रीय ग्रंथांत ‘ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी (स्टील, १८८५)’ असे लिहितात. रोग चावणाऱ्या माश्यांमार्फत पसरतो हे प्रयोगाने दाखविण्याचे काम लिओनार्ड रॉजर्स यांनी १९०१ मध्ये केले.

या संशोधनानंतर वर्षभरातच स्टील प्राचार्य झाले आणि १८९१ मध्ये, वयाच्या पस्तिशीच्या आसपास, त्यांचे निधन झाले. प्रशासक म्हणून त्यांना जेमतेम पाच वर्षे मिळाली. तरीही त्या काळात रुग्णालयाला जोडलेले अध्यापन, नियमित परीक्षा आणि स्थानिक जनावरांवर आधारलेले पाठ्यसाहित्य ही घडी बसली. जी.बी.व्ही.सी. ही परळची पदविका घेतलेले पदवीधर पुढील अनेक दशके पशुसंवर्धन खात्याचा कणा होते. ब्रिटनमधील पशुवैद्यांच्या शाही महाविद्यालयाने त्यांच्या स्मरणार्थ पदक सुरू केले. वसाहतवादी शासनाच्या गरजेतून ही नेमणूक झाली होती हे खरेच. लष्कराचे प्राणी आणि महसूल देणाऱ्या रयतेचे बैल वाचविणे हा तिचा हेतू होता. संस्था मात्र त्या हेतूच्या पलीकडे टिकली.

पुण्यातच १८८९ मध्ये इम्पिरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. ती १८९३ मध्ये कुमाऊँमधील मुक्तेश्वरला हलविण्यात आली आणि तिचीच पुढे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. संशोधन एका ठिकाणी आणि अध्यापन दुसऱ्या ठिकाणी, अशी विभागणी येथून रूढ झाली. बुळकांडीवरील लस संशोधन संस्थेत तयार झाली. ती गावोगावी टोचणारे हात महाविद्यालयांनी दिले. १९५४ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम चार दशकांहून अधिक काळ चालला. देशातील शेवटची लागण १९९५ मध्ये नोंदली गेली, २००६ मध्ये भारत रोगमुक्त असल्याची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि २०११ मध्ये संपूर्ण जग या रोगापासून मुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. मानवी देवीनंतर नियोजनपूर्वक नष्ट केलेला हा दुसराच रोग आहे.

राज्यघटना आणि परिषद

स्वातंत्र्यानंतर पशुवैद्यक प्राध्यापकाचे काम तीन वेगवेगळ्या चौकटींत येऊन पडले. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीच्या १५ व्या नोंदीत पशुधनाचे जतन व सुधारणा, जनावरांच्या रोगांचा प्रतिबंध आणि पशुवैद्यकीय प्रशिक्षण व व्यवसाय हे विषय आहेत. राज्याराज्यांत पसरणाऱ्या सांसर्गिक रोगांचा विषय समवर्ती सूचीच्या २९ व्या नोंदीत आहे. अनुच्छेद ४८ मधील मार्गदर्शक तत्त्व आधुनिक शास्त्रीय पद्धतीने पशुसंवर्धन करण्याची जबाबदारी राज्यावर टाकते. व्यवसाय राज्यांकडे असल्याने संसदेला संपूर्ण देशासाठी एकच कायदा थेट करता येत नव्हता. त्यामुळे भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ हा अनुच्छेद २५२ खाली करण्यात आला. दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केल्यास संसद राज्य सूचीतील विषयावर कायदा करू शकते आणि इतर राज्ये तो नंतर स्वीकारू शकतात. हरियाणा, बिहार, ओडिशा, हिमाचल प्रदेश आणि राजस्थान या राज्यांच्या ठरावांवर हा कायदा उभा राहिला. महाराष्ट्राने तो पुढे स्वीकारला. अनुच्छेद २५२ चे उदाहरण विचारले गेल्यास हे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे.

या कायद्याखालील परिषद अभ्यासक्रमाची किमान मानके ठरविते. २०१६ च्या विनियमांनुसार बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. हा पदवी अभ्यासक्रम एका वर्षाच्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा आहे. महाविद्यालयाला स्वतःचे चिकित्सालयीन संकुल, फिरते चिकित्सालय आणि पशुधन प्रक्षेत्र असणे बंधनकारक आहे. दुसरी चौकट विद्यापीठाची. राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली आणि अमेरिकेतील लँड ग्रँट पद्धतीच्या धर्तीवर १९६० मध्ये पंतनगर येथे पहिले कृषी विद्यापीठ स्थापन झाले. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे १९६८ ते १९७२ या काळात चार कृषी विद्यापीठे झाली आणि पशुवैद्यक महाविद्यालये त्यांच्या छत्राखाली गेली. अध्यापन, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एकाच अध्यापकाने करावीत हे या पद्धतीचे मूळ तत्त्व होय. तिसरी चौकट राज्याच्या पशुसंवर्धन खात्याची. पदवीधरांचा सर्वांत मोठा नियोक्ता तेच आहे, परंतु अभ्यासक्रमावर त्याचा प्रत्यक्ष अधिकार नाही.

कृषी विद्यापीठात पशुवैद्यक प्राध्यापक अल्पसंख्य होता. अर्थसंकल्पात पिकांच्या संशोधनाचा आवाज मोठा असे आणि कुलगुरूपदापर्यंत पोहोचणारे बहुतेक कृषिशास्त्रज्ञ असत. स्वतंत्र पशुवैद्यक विद्यापीठाची मागणी त्यातून पुढे आली. तामिळनाडूने १९८९ मध्ये पहिले पाऊल टाकले. महाराष्ट्रात २००० साली नागपूर येथे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथील महाविद्यालये त्याला जोडली गेली. वेगळे झाल्याने पैसा आणि पदे यांवरील निर्णय पशुवैद्यकांच्या हाती आले, हा लाभ निर्विवाद आहे. पण चारा पिकणारे शेत आणि तो खाणारी गाय आता दोन विद्यापीठांत विभागली गेली. कोरडवाहू शेतकऱ्याच्या अर्थव्यवस्थेत ही दोन्ही एकच असतात, आणि हा तोटा विभाजनाच्या समर्थकांनी पुरेसा विचारात घेतला असे म्हणता येत नाही.

राजस्थानचा अनुभव

राजस्थानात ५.६८ कोटी पशुधन आहे; महाराष्ट्रात ते सुमारे ३.३ कोटी आहे. पाऊस बेभरवशाचा असल्याने पश्चिम राजस्थानात पीक बुडाले तरी शेळी, मेंढी आणि उंट कुटुंबाला तारतात. बिकानेरचे पशुवैद्यक महाविद्यालय १९५४ चे. उदयपूरच्या विद्यापीठातून ते १९८७ मध्ये बिकानेरच्या कृषी विद्यापीठाकडे आले. २०१० मध्ये तेथेच राजस्थान पशुवैद्यक व पशुविज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि प्रा. ए. के. गहलोत त्याचे पहिले कुलगुरू झाले. विजय भवन राजवाड्याच्या परिसरातून हे विद्यापीठ चालते, तर जयपूरमधील पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था शहराच्या पूर्वेस जामडोली येथे आहे. त्याच भागात २००३ मध्ये अपोलो हे खासगी पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. शहराच्या पश्चिम टोकाकडील वैशाली नगरसारख्या वसाहतीतून तेथे जायचे तर संपूर्ण जयपूर ओलांडावे लागते. हे अंतर केवळ भौगोलिक नाही. नागरी वसाहतींतील कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात रोख शुल्क मिळते. पलीकडच्या ढाणीतील शेळीवर उपचार करायचे तर प्रवासखर्चच शेळीच्या किमतीच्या मानाने जड होतो. नवा पदवीधर कोठे जाईल हे सांगायला अर्थशास्त्राची फारशी गरज नाही.

एक छोटा शब्दभेद विद्यार्थ्यांना गोंधळात टाकतो. महाराष्ट्रात ‘कुलपती’ म्हणजे राज्यपाल आणि ‘कुलगुरू’ म्हणजे विद्यापीठाचे शैक्षणिक प्रमुख. राजस्थानात मात्र प्रमुखाला ‘कुलपती’ आणि राज्यपालांना ‘कुलाधिपती’ म्हणत. २०२५ मध्ये राजस्थान विधानसभेने विधेयक संमत करून ‘कुलपती’ऐवजी ‘कुलगुरू’ हा शब्द स्वीकारला.

शिडी आणि तिची किंमत

पदवीनंतर दोन वर्षांची एम.व्ही.एस्सी., त्यानंतर पीएच.डी., मग सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक व विभागप्रमुख अशी ही शिडी आहे. महाराष्ट्रात महाविद्यालयाच्या प्रमुखाला सहयोगी अधिष्ठाता म्हणतात; त्याच्यावर अधिष्ठाता, संशोधन संचालक आणि विस्तार शिक्षण संचालक ही पदे येतात. कुलगुरूची निवड शोध समितीने सुचविलेल्या नावांतून कुलपती करतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० आणि २०१८ च्या विनियमांनी या पदासाठी प्राध्यापकपदाचा किमान दहा वर्षांचा अनुभव ही अपेक्षा सर्वसाधारणपणे रूढ केली.

या शिडीवर चढणारा प्राध्यापक प्रत्येक पायरीला रुग्णापासून दूर जातो. मेडिसिनच्या बाबतीत ही किंमत अधिक जड असते, कारण निदानाचे कौशल्य पुस्तकापेक्षा हाताने शिकविले जाते. गायीच्या पोटावर हात ठेवून पोटफुगीचा प्रकार ओळखणे, म्हशीच्या दुधातील बदलावरून कासदाह हेरणे हे अनुभवी शिक्षकाच्या शेजारी उभे राहूनच येते. दुसऱ्या बाजूने, फिरत्या चिकित्सालयाच्या गाडीला इंधन आहे की नाही, रात्रीच्या पाळीत शिक्षक हजर आहे की नाही, रिक्त पद भरण्याचा प्रस्ताव मंत्रालयात कोणत्या टेबलावर अडला आहे, यावर शंभर विद्यार्थ्यांचे शिक्षण अवलंबून असते. चिकित्सालय ज्याने चालविले आहे त्याच प्रशासकाला या गोष्टींचे महत्त्व कळते. म्हणून चांगल्या चिकित्सकाने फायलींत वेळ घालविणे हा निव्वळ अपव्यय नव्हे. मात्र पद सोडल्यावर त्याने पुन्हा रुग्णकक्षात परतण्याची परंपरा आपल्याकडे फारशी रुजलेली नाही.

कार्यकालाचाही प्रश्न आहे. कुलगुरूची मुदत राज्यपरत्वे तीन किंवा पाच वर्षांची असते आणि पदवी अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. याचा अर्थ असा की पहिल्याच वर्षी प्रवेश दिलेली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडताना कोणताही कुलगुरू एका मुदतीत पाहू शकत नाही. परिणामी इमारतीच्या कोनशिलेसारखी लवकर दिसणारी कामे आकर्षक ठरतात आणि अध्यापकांची भरती, प्रयोगशाळेतील नोंदींची शिस्त, ग्रामीण आंतरवासिता यांसारखी उशिरा फळणारी कामे मागे राहतात.

काय पणाला लागते

या निवडींचे परिणाम दूरवर पोहोचतात. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला वारंवार ताप येऊ लागला आणि त्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी आढळला. मानवातील या परजीवीच्या लागणीची ही पहिली सिद्ध नोंद ठरली. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने सुरामिन हे औषध देऊन त्याला बरे केले. मानवी रक्तातील एक संरक्षक प्रथिन या रुग्णात नव्हते, असे पुढील तपासणीत दिसून आले. उंटाचा रोग म्हणून राजस्थानात शिकविला जाणारा परजीवी विदर्भातील माणसाच्या रक्तात सापडतो, तेव्हा पशुवैद्यक आणि वैद्यक यांच्या वेगळ्या इमारती अपुऱ्या पडतात. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर येथे राष्ट्रीय एकात्मिक आरोग्य संस्थेची पायाभरणी झाली ती याच विचाराने.

मनुष्यबळाचे गणितही तितकेच गंभीर आहे. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्ये दर पाच हजार पशुघटकांमागे एक पशुवैद्य असावा अशी शिफारस केली होती. ढोबळमानाने केवळ गोवर्गीय जनावरे धरली तरी २०१९ च्या गणनेप्रमाणे साठ हजारांहून अधिक पशुवैद्य लागतात. शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या आणि अध्यापनाची गरज त्यात धरलेली नाही. २०१९ मध्ये लाळखुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांच्या नियंत्रणासाठी केंद्राने पाच वर्षांकरिता १३,३४३ कोटी रुपयांचा कार्यक्रम हाती घेतला. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाने राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्रात गुरे दगावली. लस विकत घेता येते. टोचणारा आणि नोंद ठेवणारा माणूस मात्र साडेपाच वर्षांनीच तयार होतो. १९८४ च्या कायद्याने पदविकाधारकांना पशुवैद्याच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देण्याची मुभा ठेवली आहे. देखरेख करणाराच तालुक्यात नसेल तर ती अट कागदावर राहते आणि गोपालकाला मिळेल त्याच्याकडून इंजेक्शन घ्यावे लागते.

खासगी महाविद्यालयांनी ही तूट भरून काढावी असे सुचविले जाते. जागा त्यांनी वाढतील, पण शिकविणारे प्राध्यापक त्याच मर्यादित पदव्युत्तर विभागांतून यावे लागतात. आजारी जनावरावर उपचार ही मालकाला लाभ देणारी सेवा आहे आणि तिचे मोल तो काही प्रमाणात देऊ शकतो. रोगाची टेहळणी, लसीकरण आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांचा लाभ मात्र शेजाऱ्यालाही मिळतो, म्हणून बाजार त्यात पुरेशी गुंतवणूक करीत नाही. सार्वजनिक निधीचा पहिला हक्क येथे येतो, आणि पशुवैद्यक विद्यापीठाच्या अर्थसंकल्पात पदव्युत्तर अध्यापकांच्या रिक्त जागांना इमारतींपेक्षा अग्रक्रम मिळायला हवा.

राजस्थानात २०१२ ते २०१९ या सात वर्षांत उंटांची संख्या ३.२६ लाखांवरून २.१३ लाखांवर आली. याच काळात, २०१४ मध्ये, उंटाला राज्यपशूचा दर्जा मिळाला आणि २०१५ मध्ये त्याच्या कत्तलीवर व राज्याबाहेरील वाहतुकीवर निर्बंध घालणारा कायदा झाला. विक्रीची वाट अरुंद झाली आणि चराईची जमीन आटत गेली, तेव्हा पालकांनी कळप कमी केले. बिकानेरमध्ये १९८४ पासून उंटांवरील राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, शेजारी विद्यापीठ आहे आणि तिबरशावर औषधही आहे. तेथील प्राध्यापक आता विद्यार्थ्यांना उंटाच्या रोगांबरोबर उंटिणीच्या दुधाची बाजारपेठही शिकवितात.